कार्ट्रिज आणि सुई निवडायची तर सुरुवात शेवटच्या गाण्यापासून करा

एलपीवरचं पहिलं गाणं लख्ख वाजतं, पण त्याच बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायिकेचा प्रत्येक 'स' आणि 'श' फाटून, खरखरत येतो. असं होत असेल तर स्पीकर बदलायला धावू नका. रेकॉर्ड फिरते एकाच वेगानं, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. तिथली वळणं इतकी बारीक होतात की बोथट टोक त्यांच्यात शिरतच नाही, वरवर घसरत जातं. म्हणून माझं सरळ मत असं, की पैसे आधी सुईच्या टोकावर घालावेत, कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसते आणि तिची थरथर विजेत बदलते त्या डबीच्या, नावावर नंतर.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

हेडशेल, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या लांब दांड्याच्या) टोकाचा कार्ट्रिज बसवायचा भाग, हातात घ्या. वरून दोन स्क्रू दिसत असतील आणि त्यांच्यातलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असेल, तर जवळपास सगळा बाजार तुम्हाला खुला आहे. स्क्रू दोन नसून कार्ट्रिज प्लगसारखं आत सरकवून बाजूच्या एकाच स्क्रूनं पक्कं केलेलं असेल, तर ते टी४पी पद्धतीचं आहे. त्यात सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन १.२५ ग्रॅमला ठरलेलं असतं आणि पर्याय मोजकेच. टोनआर्मच्या मागे फिरवता येणारं वजनच नसेल, तर फार तर सुई बदला आणि उरलेले पैसे पुढच्या टर्नटेबलसाठी ठेवा.

मग प्रीअँपकडे वळा

प्रीअँप म्हणजे कार्ट्रिजमधून येणारा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम प्रकारात सुईच्या दांडीला चुंबक असतो आणि कॉइल स्थिर असते. मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसीमध्ये नेमकं उलटं. हलणारी कॉइल हलकी हवी, म्हणून तिला वेढे थोडे, आणि म्हणूनच वीजही थोडी. एमएम साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, तर बहुतेक एमसी ०.२ ते ०.५ च्या घरात. पहिल्याला ४० डेसिबलच्या आसपास वाढ पुरते, दुसऱ्याला ६० च्या आसपास लागते.

हे मी वाचलेलं होतं, तरी पहिलं एमसी घेताना प्रीअँपच्या मागचं बटण पाहिलं नव्हतं. तिथे एमएमशिवाय काही नव्हतंच. आवाज पूर्ण वाढवला तेव्हा गाणं कुजबुजल्यासारखं आलं आणि त्याच्यावर घुंईऽऽ अशी घरघर. शेवटी कार्ट्रिजपेक्षा महाग प्रीअँप घ्यावा लागला. हा खर्च तुम्हाला टाळायचा असेल तर एमएम घ्या, किंवा २ मिलिव्होल्टच्या आसपासचं हाय-आउटपुट एमसी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: एमएमची सुई झिजली की ती ओढून काढायची आणि नवी बसवायची. बहुतेक एमसीमध्ये तशी सोय नाही, अख्खं कार्ट्रिजच दुरुस्तीला किंवा बदलीला पाठवावं लागतं.

हात (टोनआर्म) आणि कार्ट्रिज यांची जोडी जमते का?

हा भाग बरेच जण गाळतात. सुईची दांडी स्प्रिंगसारखी असते आणि टोनआर्मचं वजन तिच्यावर झुलतं. हे झुलणं ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असलं की ठीक. त्याखाली वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि पावलांचे धक्के येतात, त्यावर संगीत सुरू होतं.

हिशेब असा. टोनआर्मचं प्रभावी (सुईच्या टोकाला जाणवणारं) वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला माहितीपत्रकातल्या कंप्लायन्सनं, म्हणजे दांडीच्या लवचीकपणाच्या आकड्यानं, गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. ११ ग्रॅमचा हात, ६.५ ग्रॅमचं कार्ट्रिज, १ ग्रॅम स्क्रू, म्हणजे १८.५. कंप्लायन्स १२ असेल तर उत्तर सुमारे १०.७ हर्ट्झ, उत्तम. त्याच हातावर ३० कंप्लायन्सचं मऊ कार्ट्रिज लावलं की उत्तर पावणेसात हर्ट्झवर येतं, आणि वाकडी रेकॉर्ड लावली की वूफर पोटासारखा आत-बाहेर हलताना दिसतो. जपानी कंपन्या कंप्लायन्सचा आकडा बरेचदा १०० हर्ट्झला मोजून देतात. तसं असेल तर तो अंदाजे दीडपट ते दुप्पट धरून हिशेब करा. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके प्रसारणसंस्थेसाठी घडवलेलं डेनॉनचं डीएल-१०३ अजून मिळतं. त्याचा हा आकडा १०० हर्ट्झला फक्त ५ आहे, म्हणून ते जड हातावरच खुलतं.

आता टोक

गोल टोक सगळ्यात स्वस्त आणि बसवताना थोडं वाकडंतिकडं झालं तरी चालवून घेतं. पण शेवटच्या गाण्यात तेच फसतं. लंबवर्तुळाकार टोकाची खाचेला टेकणारी कड बरीच बारीक असते, त्यामुळे फरक लगेच कळतो. त्यापुढचं शिबाता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीच्या चार-वाहिनी रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झचा संकेत कोरलेला असायचा आणि जुन्या सुयांना तो वाचता येत नव्हता, त्यातून हा आकार आला. मायक्रोलाइन त्याहून धारदार. ही टोकं खाचेच्या भिंतीला उभ्या पट्टीत टेकतात, दाब पसरतो आणि सुई टिकतेही जास्त: लंबवर्तुळाकार काहीशे तास, मायक्रोलाइन हजाराच्या आसपास. मात्र कोन जरा चुकला की तीच सुई कर्कश वाजते.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना यातलं काहीच चालत नाही. त्यांची खाच रुंद, तिला सुमारे ३ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक हवं. एलपीची सुई तिथे तळाशी लोळते.

मला विचाराल तर ज्याची एकाच बॉडीवर वेगवेगळी टोकं बसतात असं एमएम घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत गोल टोकापासून मायक्रोलाइन, शिबातापर्यंत आणि ७८ च्या सुईपर्यंत सगळं एकाच बॉडीत जातं. आज लंबवर्तुळाकार, पुढे बसवण्याचा सराव झाला की मायक्रोलाइन.

बसवताना

सुईवर झाकण ठेवूनच काम करा. तारा चिमट्यानं लावा: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. मग प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कार्ट्रिज जुळवायच्या आखीव पट्टीवर, कोन जुळवा आणि छोट्या डिजिटल काट्यावर वजन मोजा, टोनआर्मच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. सुई साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे फिरवा, आडवा फिरवलात की दांडी वाकते.

वीसेक तास वाजवून झाले की पुन्हा तेच शेवटचं गाणं लावा. 'स' अजून फाटत असेल तर वजन कमी करण्याचा मोह होतो, पण करा उलट. कंपनीनं १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलं असेल तर २.२ कडे सरका. कमी दाबाची सुई खाचेत उड्या मारते, आणि रेकॉर्डला ओरखडे त्या उड्यांनीच पडतात.