जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी आणि मीठ कसं भरून काढावं

2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला गढूळ पाण्याची धास्ती वेगळी सांगायला नको. पंचगंगेला पाणी चढलं की पिण्याचं पाणी उकळूनच घ्यावं. तरीही घरात कुणाला जुलाब लागलेच, तर औषधाआधी पाण्याचं बघा.

जुलाबात नुसतं पाणी जात नाही, सोबत सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही जातं. शरीर आधी स्वतःच झुंजतं. तहान लागते, मूत्रपिंडं पाणी आणि मीठ धरून ठेवतात, म्हणून लघवी थोडी आणि गडद होते. बायकार्बोनेट घटलं की रक्तात आम्ल वाढतं. मग फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लागतात आणि श्वास खोल, भराभर चालतो. त्याला धाप समजून गप्प बसू नका.

आता ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायची मीठ-साखरेची पुडी. पुडीवरचं प्रमाण वाचा. मोठी पुडी असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ती सगळी एकदम घाला. पेल्यापुरती चिमूटभर काढू नका. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात, पाणी त्यांच्यामागून येतं. प्रमाण बिघडलं की हे गणितच बिघडतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या.

पाजताना घाई नको. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा आणखी सावकाश. अंगावरचं दूध बंद करू नका. मोठ्यांना पेज, मऊ भात, ताक द्या. तांबडा रस्सा काही दिवस लांबच ठेवा. शहाळ्यात पोटॅशियम असतं पण सोडियम कमी, म्हणून ते जोडीला चालेल, ओआरएसऐवजी नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश बसली, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, मूल मान टाकतंय, शौचात रक्त आहे किंवा श्वास वर सांगितल्यासारखा चालतोय, तर रात्र असली तरी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर वाटेतही चमचा चालू ठेवा.