जुनी सोन्याची नाणी जमवायचीत? आधी काटा घ्या

सांगलीत कुणाला सांगितलं की मी जुनी सोन्याची नाणी जमवतो की पहिला प्रश्न ठरलेला, शिवरायांचा होन आहे का? नाही ओ. तो १६७४ च्या राज्याभिषेकाचा, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ दुसरीकडं ‘छत्रपति’, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि अस्सल नग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाजारात दिसतो तो बहुतेक पितळेचा, त्याच्या नादाला लागू नका.

सुरुवात विजयनगरच्या पणमपासून करा. साधारण ०.३५ ग्रॅमचं बारकं नाणं, मसुरीच्या डाळीएवढं, चुकलात तरी फटका छोटा बसतो. मग विजयनगरचाच अर्धा वराह, १.७ ग्रॅमचा, आणि हात बसला की यादवांचं पद्मटंक. ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास, वाटीसारखं खोलगट, मधे कमळ, बाजूला श्री, शंख, राजाचं नाव असे ठसे. हे ठसे एकेक करून मारलेले असतात त्यामुळं कुठंतरी एकावर एक चढलेले किंवा तिरके दिसतातच, सगळं एकदम साच्यातून काढल्यासारखं नीट बसलं असेल तर मला तरी डाऊट येतो.

आता काटा. मिलिग्रॅम दाखवणाराच पाहिजे, सराफाकडं असतो तसा. आधी नाणं कोरडं तोला, समजा ३.४०० आलं. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला लागू द्यायचं नाही, बुडबुडा चिकटला असेल तर झटका. आता ०.१९० आलं तर ३.४०० ला त्यानं भागा, येतं १७.९, म्हणजे नाणं तेवढ्याच पाण्याच्या इतके पट जड, २२ कॅरेटच्या जवळ. तांब्यावर मुलामा असेल तर ९ च्या आसपास येईल. पण नकली नाणंही खऱ्या सोन्यात पाडतात, त्यामुळं ही टेस्ट पास म्हणजे नाणं अस्सल असं नाही, ठसे बघावेच लागतात.

कडेला डाग दिसला तर भिंगातून बघा. पूर्वी माळेत ओवायला कडी लावायचे, ती काढून घासलेलं नाणं मी एकदा पूर्ण भावानं घेतलं, घरी येऊन उन्हात धरलं तेव्हा टाका, म्हणजे कडी जोडल्याची खूण, दिसला. चिंच, रिठा, ब्रश काहीही लावू नका, ओरखडा पडला की किंमत गेली.

आणि ‘रानात नांगरताना सापडलंय’ म्हणून कुणी देत असेल तर सरळ उठून या. १८७८ च्या कायद्यानं असं धन कलेक्टरला कळवावं लागतं. पक्की पावती, नाण्याचा फोटो आणि वजन त्यावर लिहून घ्या.