कंट्रोलरला पाठवलेला संदेश नेमका अडतो कुठे?

सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधल्या जोडणीवरून) पाठवलेला संदेश कंट्रोलरच्या, म्हणजे नेटवर्कमधल्या स्विचांना हुकूम देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अ‍ॅपपर्यंत पोचत नाही म्हणून कोणी आलं, की मी लगेच कोड उघडू देत नाही. पाठवणाऱ्या बाजूला काय दिसलं, ते आधी विचारते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असेल तर बहुतेक वेळा मशीन जागेवर असतं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं. काहीच उत्तर न येता टाइमआउट झाला, तर फायरवॉल तपासा.

मग कंट्रोलरच्या मशीनवर एसएस (ss) कमांडने ऐकणारी पोर्ट बघा. १२७.०.०.१ हा मशीनचा स्वतःपुरता पत्ता (लूपबॅक) दिसला तर अ‍ॅप फक्त त्याच मशीनवरचं ऐकतंय. मिनिनेट (एकाच मशीनवर आभासी नेटवर्क उभं करणारं साधन) वापरणारे इथे हमखास अडकतात. त्यातल्या एच१ या आभासी होस्टचं नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कची स्वतंत्र चौकट) वेगळं, लूपबॅकही वेगळं, तिथून १२७.०.०.१ ला पाठवलेलं एच१ च्या बाहेर पडतच नाही. पाठवणारी स्क्रिप्ट मिनिनेटच्या बाहेर चालवा, किंवा फाइलच्या पाथवरचं युनिक्स सॉकेट घ्या. फाइल सिस्टिम सगळ्यांची एकच असते.

पोर्टही स्वतःचं हवं. ६६५३ (जुन्या सेटअपमध्ये ६६३३) हे ओपनफ्लो (कंट्रोलर आणि स्विच यांच्यातला प्रोटोकॉल) बोलणाऱ्या स्विचांसाठी आहे. तिथे जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पाठवलं तर त्यातला पहिला महिरपी कंस, म्हणजे बाइट १२३, प्रोटोकॉलची आवृत्ती म्हणून वाचला जातो. ओपनफ्लो १.३ मध्ये तिथे ४ असायला हवा.

आता खरी किचकट तऱ्हा: टीसीपीडम्पमध्ये (नेटवर्कवरून येणारी पॅकेट दाखवणाऱ्या साधनात) डेटा आलेला दिसतो, अ‍ॅप मात्र गप्प. टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे, त्याला संदेशाची हद्द कळत नाही. दोनदा सेंड केलेलं एका रिसीव्हमध्ये येईल, किंवा एकच संदेश तुकड्यातुकड्यांनी येईल. म्हणून आधी ४ बाइटांत लांबी पाठवा आणि तेवढे बाइट जमेपर्यंत लूपमध्ये वाचत राहा. रिकामं उत्तर आलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय, तिथेच थांबा. लांबी दोन्हीकडे नेटवर्क बाइट ऑर्डरमध्येच (सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी) हवी. एका बाजूने उलटी वाचली तर ५ चे ८,३८,८६,०८० होतात आणि अ‍ॅप न येणाऱ्या बाइटांची वाट बघत बसतं. वाचलेली लांबी लॉगमध्ये छापा, असा माझा आग्रह याचसाठी असतो.

रियू या पायथनमधल्या कंट्रोलर फ्रेमवर्कमध्ये आणखी एक जागा बघाच. कनेक्शन स्वीकारणारा अखंड लूप थेट इनिट मेथडमध्ये लिहिला, तर ती मेथड संपतच नाही आणि अ‍ॅप सुरू व्हायचं राहून जातं. तो लूप रियूच्या हबमधल्या स्पॉनने (hub.spawn) वेगळा चालवा. आत प्रत्येक संदेशाला स्वतंत्र ट्राय-एक्सेप्ट द्या, नाहीतर एका बिघडलेल्या जेसनने अख्खा लूप बंद पडतो आणि पुढचे चांगले संदेशही वाचायला कोणी उरत नाही. हँडलरमध्ये लांबलचक हिशेबही नको. तो संपेपर्यंत बाकीच्या ग्रीन थ्रेडना (आळीपाळीने चालणाऱ्या हलक्या कामांना) पाळी मिळत नाही, स्विचच्या एको रिक्वेस्टला (‘जागा आहेस का?’ या विचारणेला) वेळेत उत्तर जात नाही, आणि तुमच्या संदेशापायी स्विचच कनेक्शन तोडतो.