शाळेत जपानी हस्तकलेचा क्लब कसा चालवाल?

जपानी क्लब म्हटलं की एकाच दिवशी पंखे, कंदील, किमोनोची चित्रं असं सगळं उरकायचा मोह होतो. त्यातून मुलांच्या हाती फारसं काही लागत नाही. दोन-तीन आठवडे एकच कला घ्या आणि ती ज्या सणासाठी किंवा कामासाठी जन्मली त्याच्याशी जोडा.

सुरुवात ओरिगामीने, म्हणजे कागदाला घड्या घालून वस्तू करण्याच्या कलेने. आधी वर्तमानपत्राचं काबुतो, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, करा. जपानमध्ये 5 मे हा बालदिन असतो आणि त्याची ही खूण. घड्या मोजक्याच लागतात आणि टोपी लगेच डोक्यावर चढते, त्यामुळे लहानांचीही कळी खुलते.

मग करकोचा. कागद 15 सेंटिमीटरचा चौकोनी घ्या. चौकोनी पाया, म्हणजे घड्या घालून केलेला छोटा चौकोन, तयार झाला की बहुतेक मुलं पुढच्या पायरीवर अडतात. उघडं टोक आपल्याकडे ठेवायचं, वरच्या थराच्या दोन्ही कडा मध्यरेषेवर आणायच्या, वरचा त्रिकोण खाली मोडायचा. प्रत्येक घडी नखाने दाबून फक्त या तीन घड्या उलगडायच्या. आता खालच्या टोकाचा फक्त वरचा थर उचलून वर न्या, कडा आत वळवा आणि चपटं करा. मागूनही तसंच. इथे मुलाच्या हातातला कागद ओढून घेऊ नका. स्वतःचा वेगळा कागद धरून शेजारी बसा.

मोठ्या मुलांना सादाको सासाकीबद्दल सांगा. हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 रोजी बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. रुग्णालयात ती करकोचे घडवत असे. तिच्या मित्रमैत्रिणींच्या पुढाकाराने उभारलेलं मुलांचं स्मारक 1958 पासून हिरोशिमाच्या शांतता उद्यानात आहे.

7 जुलैच्या तानाबाताला, म्हणजे दोन ताऱ्यांच्या भेटीच्या सणाला, रंगीत पट्ट्यांवर इच्छा लिहून त्या बांबूच्या फांदीला बांधा. विणकर ओरिहिमे म्हणजे अभिजित तारा, गुराखी हिकोबोशी म्हणजे श्रवण. मध्ये आकाशगंगा, आणि भेट वर्षातून एकदाच. जुलैत सुट्टी असेल तर ऑगस्ट चालेल, सेंदाई शहरात हा सण तेव्हाच असतो.

सुमिनागाशीला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या शाईची नक्षी कागदावर उतरवण्याला, मात्र निवांत वेळ ठेवा. उथळ ट्रेमध्ये तीन-चार सेंटिमीटर पाणी घ्या. एका ब्रशला सुमी, म्हणजे काजळीची काळी शाई, दुसऱ्याला साबणाचं पाणी, तेही अगदी थोडं. दोन्ही ब्रश आळीपाळीने पाण्याला नुसते टेकवले की वर्तुळात वर्तुळं उमटतात. हलकी फुंकर मारा. शाई शोषणारा कागद मधला भाग आधी टेकवून हळूच सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. गुळगुळीत, चकचकीत कागदावर शाई धरत नाही. नक्षी विस्कटायला लागली तर साबण जास्त झालाय, पाणी बदला.

साशिको, म्हणजे जपानी टाक्यांचं भरतकाम, सुई नीट धरता येणाऱ्यांसाठीच. उत्तर जपानमधल्या गरीब घरांत जुने कपडे टिकवण्यासाठी हे टाके घालत: निळ्या कापडावर पांढरा दोरा. नमुन्याचं कापड कशाला? मुलांना फाटलेली पिशवीच आणायला सांगा.