म्यूलवाल्या क्रॉम्प्टनच्या घरची माणसं शोधायची कशी

गिरणीचा इतिहास वाचला की सूत कातायच्या मशीनची नावं पाठ होतात, जेनी, वॉटर फ्रेम, म्यूल, पण ते मशीन बनवणाऱ्याच्या घरी कोण कोण होतं असं विचारलं की आपण गप्प. म्हणून इथे म्यूल बनवणारा सॅम्युअल क्रॉम्प्टन घेतो. कॉलेजचा प्रोजेक्ट असो की नुसती हौस, दुसऱ्या कुठल्या संशोधकाचं घर शोधायचं असेल तरी हीच पद्धत चालते.

सगळ्यात आधी घरं लिहून काढा. सनावळी नंतर. क्रॉम्प्टन जन्मला ३ डिसेंबर १७५३ ला, इंग्लंडमधल्या लँकेशरात, बोल्टनजवळच्या फर्वुड फोल्डमध्ये. लहानपणीच कुटुंब जवळच्याच हॉल-इ-द-वुड नावाच्या जुन्या पडीक वाड्यात भाड्याने गेलं. १७८२ ला ओल्डम्स, १७९१ ला बोल्टन गावातली किंग स्ट्रीट, आणि तिथेच २६ जून १८२७ ला तो गेला. चार घरं झाली. आता प्रत्येक घरासाठी वेगळं पान करा आणि त्यावर एकच प्रश्न, तेव्हा घरात कोण होतं आणि पैसे कुठून येत होते.

वाड्याचं पान सगळ्यात भरतं. वडील जॉर्ज सॅम्युअल पाचेक वर्षांचा असतानाच गेले, घर आलं आई बेटीवर. बाई खमकी, पोराला रोजचं ठरलेलं सूत कातून झाल्याशिवाय सुट्टी नाही. घरात एक अलेक्झांडर काका, पायाने अधू, मागावर कापड विणायचा आणि घराबाहेर पडायचा नाही, रविवारी चर्चची घंटा वाजली की चांगला कोट चढवून खोलीत एकटाच प्रार्थना वाचायचा. मला तर या सगळ्या कहाणीत हा काकाच जास्त आवडतो. जेनीवर धागा सारखा तुटायचा आणि आईची बोलणी बसायची, त्यातून पोराच्या डोक्यात यंत्र शिरलं. जेनीची पुढेमागे होणारी गाडी आणि वॉटर फ्रेमचे धागा ओढणारे रोलर एकत्र करायला त्याला पाचेक वर्षं लागली, १७७९ ला म्यूल चालू झाला. खर्चाला पैसे कुठून, तर बोल्टनच्या थिएटरात व्हायोलिन वाजवून, आणि ते व्हायोलिनही त्याने स्वतःच बनवलेलं.

आता लग्न. फेब्रुवारी १७८० मध्ये मेरी पिमलॉटशी. इथे चर्चचं रजिस्टर कामाला येतं. इंग्लंडात २५ मार्च १७५४ पासून नवा विवाह कायदा लागू झाला, तेव्हापासून लग्नाच्या नोंदीवर नवरा-नवरीची सही लागते, लिहिता येत नसेल तर नुसती खूण, म्हणजे कोण साक्षर होतं याचा अंदाजही तिथेच येतो. लँकेशर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स म्हणून स्वयंसेवकांचं एक काम आहे, त्यांनी बऱ्याच चर्चच्या नोंदी उतरवून फुकट ठेवल्यात. फक्त आईवडिलांच्या पिढीत जाताना जपून, कारण १७५१ पर्यंत तिकडे कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे जुन्या रजिस्टरात फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १७४१ धरायचं. हे न बघता वंशावळ काढली की आईच्या आधी पोरगं जन्मतं!

जनगणना आणि सरकारी मृत्यू दाखला यात मात्र सॅम्युअलसाठी वेळ घालवू नका. सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला आणि घरोघरी नावं लिहिणारी जनगणना १८४१ पासून, तोवर याला जाऊन दहा वर्षं झालेली. ते कागद मुलानातवंडांसाठी ठेवा. आणखी एक, क्रॉम्प्टन पुढे स्वीडनबोर्ग नावाच्या विचारवंताला मानणाऱ्या नव्या ख्रिस्ती पंथात गेला, त्यांच्यासाठी प्रार्थनेच्या चालीसुद्धा बांधल्या, त्यामुळे कुटुंबाची एखादी नोंद गावच्या मोठ्या चर्चमध्ये मिळाली नाही तर नव्या पंथाची रजिस्टरं बघा.

आडनावावरून नातं जोडू नका, हे तर लिहून भिंतीवर लावा. क्रॉम्प्टनची आई माहेरची होल्ट. वॉटर फ्रेमवाला आर्कराइट, त्याची पहिली बायको पेशन्स होल्ट, तीही बोल्टनची. झालं, लगेच कोणीतरी दोघांना सोयरे करून टाकतं. त्या भागात होल्ट हे आडनाव ढिगाने, कागद हातात आल्याशिवाय काही जोडायचं नाही. नावंही फिरून फिरून तीच, वडील जॉर्ज आणि १७८१ ला झालेला थोरला मुलगाही जॉर्ज, म्हणून प्रत्येक नावापुढे जन्मसाल लिहाच.

मेरीबद्दल कागद कमी बोलतात. ती १७९६ ला गेली, मागे मुलांचं लेंढार. पण थोरल्या जॉर्जने मोठेपणी सांगितलेली एक आठवण आहे, की आई कापूस धुवायला साबणाच्या पाण्याच्या टबात टाकायची आणि जेमतेम चालता येणाऱ्या त्याला आत उभं करून तो तुडवून घ्यायची. म्हणजे ज्या बारीक सुताचं एवढं कौतुक झालं त्याची सुरुवात बायकोच्या टबात! अशी आठवण मिळाली की कोणी सांगितली, कधी सांगितली हे शेजारी टिपा. मशीन फोडणाऱ्यांच्या दंगलीच्या भीतीने म्यूल सुटा करून माळ्यावर लपवला, शेजाऱ्यांनी भोकं पाडून डोकावून बघितलं, या गोष्टी बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी छापलेल्या चरित्रातून येतात, त्यांना वेगळा रकाना, ऐकीव म्हणून.

पैशाचा माग सोपा आहे. पेटंट घेतलं नाही, वर्गणीच्या भरवशावर मशीन सगळ्यांना दाखवलं आणि हातात आले जेमतेम साठ-सत्तर पौंड. १८११ ला स्वतः फिरून गिरण्यांतल्या चात्या मोजल्या, म्यूलच्याच चाळीस लाखांच्या वर निघाल्या, तो हिशोब घेऊन पार्लमेंटकडे गेला. ११ मे १८१२ ला, मदतीचं बोलणं चालू असतानाच, पंतप्रधान पर्सिव्हल यांना पार्लमेंटच्या लॉबीत गोळी घातली गेली. शेवटी ५,००० पौंड मंजूर झाले, ते मुलांबरोबर डार्वेनला ब्लीचिंगच्या धंद्यात घातले आणि धंदा बुडाला. १८२४ ला ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढून वर्षाला ६३ पौंडांची सोय केली. यासाठी १८१२ चे पार्लमेंटचे कागद आणि बोल्टनच्या अर्काइव्हमधली क्रॉम्प्टनची कागदपत्रं, दोन्ही बघा, एकावर थांबू नका.

कोणी नातेवाईक तिकडे मँचेस्टर साइडला असेल तर त्याला कामाला लावा. वाडा अजून उभा आहे, आपल्या हिंदुस्तान लिव्हरच्या (आता हिंदुस्तान युनिलिव्हर) नावातल्या लिव्हरने, तो बोल्टनचाच, १८९९ ला विकत घेऊन गावाला दिला, आणि क्रॉम्प्टनच्या हातचा म्यूल बोल्टनच्या म्युझियममध्ये आहे. वाडा रोज उघडा असेल असं धरू नका, जायच्या आधी वेळ विचारून घ्या.