गुणाकार बरोबर आलाय का, पटकन बघायचं असेल तर

मोठा गुणाकार झाला की परत पहिल्यापासून करत बसू नका, नुसती अंकांची बेरीज करून बघा. समजा 47 गुणिले 38 चं उत्तर 1786 आलं, तर 4 आणि 7 अकरा, परत 1 आणि 1 दोन, 38 चे पण तसेच दोन, दोन दुणे चार. आता उत्तराचे अंक 1+7+8+6 म्हणजे 22, त्याचे पण चारच, जुळलं! सात आठे छप्पनचे हातचे 5 विसरून 1736 लिहिलं असतं तर इथे आठ आले असते, म्हणजे चूक लगेच सापडते. पण एक लोचा आहे, अंक उलटसुलट होऊन 1876 लिहिलं गेलं तर बेरीज तीच येते आणि ही ट्रिक गप्प बसते, तेवढं मात्र डोळ्यांनीच बघावं लागतं.