तोल सांभाळणारं झाड पायथॉनमध्ये लिहायला घेण्याआधी

पणजीच्या कदंबा स्टँडवर माणूस विचारतो, ‘म्हापशाची पुढची गाडी किती वाजता?’ डिक्शनरी इथे कामाची नाही. तिला नेमकी की, म्हणजे नोंद शोधण्याची खूण, द्यावी लागते, ‘त्यानंतरची’ तिला शोधता येत नाही. तेव्हा तुमच्या प्रोग्रॅमला असे पुढचे-मागचे प्रश्न खरंच पडतात का, ते आधी तपासा. पडत असतील पण नोंदी चार-पाच हजारच असतील, तर क्रमाने लावलेली लिस्ट आणि तीत नेमकी जागा शोधून देणारं पायथॉनचं बायसेक्ट मॉड्यूल पुरेसं आहे. मधे नोंद घुसवताना पुढच्या सगळ्या सरकतात, पण ते काम पायथॉनच्या आतला सी भाषेतला कोड करतो आणि झटक्यात करतो.

झाड म्हणजे प्रत्येक नोंदीच्या (नोडच्या) डाव्या फांदीवर लहान की आणि उजवीवर मोठी की ठेवणारी रचना; तेच हवं असेल तर की पक्की करा. वेळ ‘9:05’ अशी मजकुरात ठेवलीत तर ती ‘10:40’ च्या नंतर जाऊन बसते, कारण तुलना अक्षराअक्षराने होते. मध्यरात्रीपासूनची मिनिटं ठेवा, 10:40 म्हणजे 640. एकाच वेळी दोन गाड्या सुटतात, म्हणून फेरीचा क्रमांकही कीमध्ये जोडा.

‘आत्ता साधं झाड लिहू, तोल नंतर बघू’ असं करू नका. मी सरावासाठी तेच केलं होतं. वेळापत्रक मुळातच क्रमाने येतं, त्यामुळे झाडाची एकच उजवी फांदी लांबत गेली आणि हजार नोंदींच्या आतच रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावत जाण्याची, मर्यादा आडवी आली. पायथॉनमध्ये ती सहसा 1000 असते. अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी 1962 मध्ये मांडलेल्या एव्हीएल झाडात मात्र दोन्ही बाजूंची उंची जवळपास सारखी ठेवली जाते, म्हणून त्यात दहा लाख नोंदी घातल्या तरी उंची तिशीच्या आत राहते.

तोल गेला की नोड वर-खाली फिरवून तो साधतात; हे फिरवणं आधी कागदावर करून बघा. 600, 615, 630 या क्रमाने घाला. 615 वर येतो, 600 डावीकडे जातो. फिरवल्यावर खाली गेलेल्या नोडची उंची आधी मोजा, वर आलेल्याची मग. फंक्शनने परत दिलेलं नवं मूळ (त्या भागातला सगळ्यात वरचा नोड) वरच्या फांदीला पुन्हा जोडायला विसरलात, तर नोंदी गुपचूप गळतात, एररही येत नाही.

म्हणूनच झाडाच्याही आधी तपासणीचं फंक्शन लिहा: क्रम बरोबर आहे का, दोन्ही बाजूंच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक नाही ना, साठवलेली उंची नव्याने मोजलेलीशी जुळते का. रँडम आकड्यांचं सीड ठरवून, म्हणजे दर वेळी तेच आकडे येतील असं करून, हजारो नोंदी घाला, काढा, आणि दर वेळी साध्या लिस्टशी ताडून बघा. दोन्ही फांद्या असलेला नोड काढण्याची चाचणी तर वेगळी लिहाच. चुका सगळ्यात जास्त तिथेच सापडतात.